दहा दिवसांचं दूध-बिल: बेरीज लूपमध्ये, पाइपलाइनमध्ये, बिल्डरने, की आधीच करून ठेवलेली?

कोल्हापुरात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या छोट्या टीमकडे गुळाची अडत येते, गुजरीतलं सराफी दुकान येतं, शिरोलीची फौंड्री येते, आणि दूध संस्था तर येतेच येते. बाकीच्यांचे रिपोर्ट महिनाअखेरीला लागतात. दुधाचं तसं नाही. सकाळ-संध्याकाळ संकलन, बारा महिने, आणि दर दहा दिवसांनी बिल. नोंदी बहुतेक वेळा मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये जातात, कारण सुरुवातीला स्कीमा, म्हणजे नोंदींचा साचा, आखत बसायला कुणाकडे वेळ नसतो. मग बिलाची तारीख येते, सचिव उत्पादकवार बेरीज मागतात, आणि टीममध्ये वाद सुरू होतो: गट पाडून बेरीज करायची तर नेमकी कुठं?

वाटा मुख्यतः चार. सगळ्या नोंदी आणून आपल्या कोडच्या लूपमध्ये बेरीज. ॲग्रिगेशन पाइपलाइन, म्हणजे डेटाबेसलाच टप्प्याटप्प्याने हिशेब करायला सांगणारी यादी, हाताने, साध्या डॉक्युमेंटच्या (मोंगोडीबीतल्या नोंदीच्या) रूपात लिहिणं. तीच पाइपलाइन एखाद्या लायब्ररीच्या बिल्डरने (तयार फंक्शनच्या साखळीने) किंवा लिंकने (सी शार्प भाषेतच क्वेरी लिहायची सोय) बांधणं. आणि चौथी, बेरीज आधीच करून वेगळ्या कलेक्शनमध्ये (डॉक्युमेंटच्या गठ्ठ्यात) ठेवणं. वेगावरून निवड करणारे बरेच भेटतात. माझा निकष वेगळा आहे. आकडा चुकला तर ती वाट बोंब मारते की गप्प बसते, हे मी आधी बघतो. दहा सेकंद जास्त लागलेलं सचिव सोसतात. उत्पादकाचे चाळीस रुपये कमी आले तर गावात उभं राहता येत नाही.

माझा कल लपवत नाही. पडद्यावरच्या आकड्यांसाठी हाताने लिहिलेली पाइपलाइन, सी शार्प असेल तर लिंक, आणि बिलासाठी आधी गोठवलेली बेरीज. लूपला जितकी नावं ठेवली जातात तितका वाईट मी त्याला मानत नाही. आता कारणं.

नोंद कशी दिसते

एका वेळेचं एका उत्पादकाचं दूध म्हणजे एक डॉक्युमेंट असं धरू. त्यात संस्था, उत्पादक, प्रकार (म्हैस किंवा गाय), दिवस, सत्र, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर, रक्कम आणि वेळ. ३०० उत्पादकांची संस्था असेल तर दिवसाला ६००, दहा दिवसांत ६,००० नोंदी. एक नोंद साधारण २५० बाइटची धरली तर सगळं मिळून दीड एमबी. अशा १०० संस्थांचं काम एकत्र घेतलं तर ६ लाख नोंदी, म्हणजे १५० एमबी. हे दोन आकडे पुढं उपयोगी पडतील.

लूप

दीड एमबीसाठी लूप चालतो. उगाच कुणी घाबरवू नये. भाषा आपली, डीबगर आपला, टेस्ट लिहायला डेटाबेस उभा करावा लागत नाही. आणि प्रकारांच्या चुका लूपमध्ये बऱ्यापैकी उघड्या पडतात. वजनकाटा आणि मिल्क ॲनालायझर सिरीयल पोर्टवरून मजकूर पाठवतात. कुणीतरी तो आकड्यात न बदलता तसाच साठवला, की डेटाबेसमध्ये ८.४ हा आकडा न राहता ‘८.४’ हा मजकूर होऊन बसतो. पायथॉनचा लूप तिथंच टाइप एरर देऊन थांबतो. जावाचा ड्रायव्हर डबल मागितल्यावर कास्टची एरर देतो. जावास्क्रिप्ट शून्याला तो मजकूर चिकटवून ‘०८.४’ आणि पुढच्या नोंदीनंतर ‘०८.४२.१’ असलं काहीतरी छापतं. ते बघून शेंबडं पोरगंही सांगेल की गडबड आहे. पीएचपी मात्र अंकांसारखा दिसणारा मजकूर मुकाट्याने आकडा मानून बरोबर बेरीज करतं.

लूप फसतो तो वाढीत. संस्थेचं वर्षाचं स्टेटमेंट मागितलं, मग तालुक्याचं, मग सगळ्या संस्थांचं. १५० एमबी वायरवरून आणून, ऑब्जेक्ट करून, मेमरीत ठेवून त्यातून शेवटी काही हजार ओळी काढायच्या, आणि तेही चार जणांनी एकाच वेळी रिपोर्ट दाबला तर. मग कुणीतरी हुशारी करून मर्यादा घालतं, ‘पहिल्या १०,००० नोंदीच आणा’. तिथं लूप गप्प होतो. बेरीज येते, सुबक दिसते, आणि अपुरी असते.

लूपची सगळ्यात वाईट जात वेगळीच. आधी उत्पादकांची यादी आणायची आणि प्रत्येकासाठी वेगळी क्वेरी टाकायची. ३०० उत्पादक, ३०० फेऱ्या. सर्व्हर मुंबईच्या क्लाउड रिजनमध्ये आणि ॲप संस्थेच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर असेल तर प्रत्येक फेरीला जाण्यायेण्याचा वेळ लागतो. हे कुठल्याही परिस्थितीत करू नका. त्यापेक्षा एका दमात सगळं आणलेलं परवडतं.

हाताने लिहिलेली पाइपलाइन

मोंगोडीबीत ॲग्रिगेशन फ्रेमवर्क २०१२ मध्ये, २.२ आवृत्तीत आलं. त्याआधी मॅप-रिड्यूस आणि ग्रुप नावाची वेगळी कमांड होती. ग्रुप कमांड ४.२ मध्ये काढून टाकली, मॅप-रिड्यूस ५.० पासून बाद ठरवलं. जुन्या कोडमध्ये यातलं काही सापडलं तर तुलना करत बसू नका, पाइपलाइनमध्ये हलवा.

आपल्या बिलाची पाइपलाइन मराठीत मांडली तर अशी होते:

मॅच: संस्था ४१, दिवस ‘२०२५-१०-११’ पासून ‘२०२५-१०-२०’ पर्यंत
ग्रुप: किल्ली = (उत्पादक, प्रकार); लिटर = सम(लिटर); फॅटलिटर = सम(लिटर × फॅट); पैसे = सम(रक्कम); वेळा = सम(१)
प्रोजेक्ट: लिटर, पैसे, वेळा, सरासरीफॅट = फॅटलिटर ÷ लिटर
सॉर्ट: उत्पादक, प्रकार

चार टप्पे. पायथॉन, नोड किंवा गो, कुठल्याही भाषेत हे शेवटी डॉक्युमेंटची यादीच असते. ती यादी जशीच्या तशी कंपासमध्ये (मोंगोडीबीचं डेटा बघायचं ॲप) चिकटवून टप्प्याटप्प्याने बघता येते, आणि तिथं जमवलेली पाइपलाइन कंपास तुमच्या भाषेत काढूनही देतो. टीममधल्या नव्या मुलाला समजावायलाही हे सोपं. सर्व्हरकडून परत येतात फक्त ३००-४०० ओळी.

दुसऱ्या ओळीतल्या फॅटलिटरकडे लक्ष द्या. तिथं सरासरीचा तयार ऑपरेटर, ॲव्हरेज, वापरायचा मोह होतो. समजा एका म्हशीचं सकाळी ८ लिटर दूध ६.० फॅटचं आलं आणि संध्याकाळी २ लिटर ८.० फॅटचं. ॲव्हरेज सांगेल ७.०. खरी सरासरी लिटरच्या वजनाने निघते: ४८ आणि १६ मिळून ६४, भागिले १०, म्हणजे ६.४. पैसे प्रत्येक वेळेच्या दरावरून आधीच ठरलेले असल्याने बिलाची रक्कम बिघडत नाही, पण पावतीवर उत्पादक पहिल्यांदा फॅटच बघतो. मग सचिवांचा फोन: “साहेब, पावतीत फॅट सात दाखवतंय. गेल्या बिलाला सहा-चार हुती. म्हस तीच हाय की!”

ही चूक चारही वाटांवर होऊ शकते, पण पाइपलाइनमध्ये ॲव्हरेज इतका हाताशी असतो की तिथं जास्त होते.

आता पाइपलाइनचा मुख्य दोष. ती फार सभ्य आहे. सम हा ऑपरेटर आकडा नसलेली किंमत बिनबोभाट सोडून देतो. वरचा ‘८.४’ हा मजकूर बेरजेत येतच नाही, एरर नाही, इशारा नाही. फील्डच्या नावात एक अक्षर चुकलं तर बेरीज सरळ शून्य. शून्य दिसतं तरी. दहापैकी दोन नोंदींमध्येच मजकूर असेल तर बेरीज जराशी कमी येते, आणि जराशी कमी कुणालाच दिसत नाही.

गंमत म्हणजे याच पाइपलाइनमधला गुणाकार असा गप्प बसत नाही. मजकुराला गुणायला सांगितलं की मल्टिप्लाय एरर देतो आणि अख्खी क्वेरी पडते. म्हणजे फॅटलिटरची ओळ ही नकळत राखणदाराचं काम करते. पण फॅट हे फील्डच नसेल, ॲनालायझर बंद होता म्हणून, तर गुणाकाराचं उत्तर नल (म्हणजे काहीच नाही) येतं, सम त्याला सोडतो, आणि भागाकाराच्या खालच्या बाजूला मात्र त्या वेळेचे लिटर मोजले जातात. सरासरी फॅट खाली येते. पुन्हा शांतता.

यावर उपाय पाइपलाइनच्या बाहेर आहे. कलेक्शनवर स्कीमा व्हॅलिडेशन लावा. जेसन स्कीमाची ही सोय ३.६ पासून आहे. लिटर आणि फॅट आकडाच हवेत, दोन्ही हवेतच, असं सांगितलं की चुकीची नोंद आत शिरतानाच अडते. फॅट नसलेल्या दुधाला वेगळी स्थिती द्या आणि ते बिलाच्या मॅचमधून वगळा, किंवा सचिवांनी फॅट भरल्याशिवाय बिल बंदच होऊ देऊ नका. शिवाय ‘वेळा’ हा मोजणीचा आकडा निकालात ठेवा. दहा दिवसांत म्हशीच्या वीस वेळा अपेक्षित असताना एकवीस किंवा अठरा आल्या तर नजरेला तरी येतं.

पहाटेचं दूध कुठल्या दिवसाचं

मोंगोडीबी वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवतो. आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आधी घातलेलं दूध यूटीसीत आदल्या दिवसाचं ठरतं. ११ तारखेला पहाटे सव्वापाचला आलेल्या दुधाची साठवलेली वेळ १० तारखेची रात्री पावणेबारा असते. कोडने दिवस काढताना टाइमझोन दिला नाही तर हे दूध मागच्या बिलात जातं. संध्याकाळचं बरोबर, सकाळी उशिरा येणाऱ्यांचंही बरोबर, चुकतं फक्त लवकर उठणाऱ्यांचं! असली चूक शोधायला महिने जातात, कारण ती प्रत्येक बिलात दोनच कडांना होते आणि एका बिलातून गेलेलं दुसऱ्यात सापडतं.

डेट-टू-स्ट्रिंग आणि ५.० मध्ये आलेला डेट-ट्रंक, दोघांनाही टाइमझोन देता येतो, ‘एशिया/कोलकाता’ द्यायचा. पण तो ग्रुपमध्ये दिला आणि मॅचमधली सुरुवात-शेवटची वेळ यूटीसीच्या मध्यरात्रीची ठेवली तर चूक तशीच राहते. मॅचची सुरुवात आदल्या दिवसाच्या यूटीसी १८:३० पासून हवी.

मी तर दिवस हा वेगळा फील्ड ठेवतो, ‘२०२५-१०-११’ असा मजकूर, आणि सत्र वेगळं. कुठल्या दिवसाचं आणि कुठल्या सत्राचं दूध हे संकलन केंद्र ठरवतं, घड्याळ नाही. लाइट गेली म्हणून सकाळची नोंद दुपारी भरली तरी ती सकाळचीच असते. वर पाइपलाइनमध्ये दिवस मजकूर म्हणून आला आहे तो यासाठी. या फील्डवर इंडेक्सही (नोंदी पटकन शोधायची सूची) सरळ बसतो: संस्था आधी, दिवस नंतर.

मॅच पहिल्या टप्प्यात असेल तरच तो इंडेक्स कामाला येतो. एक्सप्लेन (क्वेरी कशी चालते ते सांगणारी सोय) लावून बघा, आयएक्सस्कॅन, म्हणजे इंडेक्समधून शोध, दिसलं पाहिजे. कॉलस्कॅन, म्हणजे अख्खं कलेक्शन चाळणं, दिसलं तर तुम्ही एका संस्थेच्या बिलासाठी सगळ्या जिल्ह्याचं दूध ढवळताय. ग्रुपच्या टप्प्याला मेमरीची मर्यादा १०० एमबीची आहे. त्यापुढे डिस्क वापरायची परवानगी द्यावी लागते, ६.० पासून ती मुळातच दिलेली असते. साध्या बेरजांना ही मर्यादा सहसा लागत नाही, कारण मेमरीत फक्त गट राहतात, नोंदी नाहीत. पण ‘प्रत्येक उत्पादकाच्या सगळ्या नोंदीही गटात भरून द्या’ म्हणून पुश लावला की गणित बदलतं. एक डॉक्युमेंट १६ एमबीपेक्षा मोठं होऊ शकत नाही. उत्पादकवार ठीक. संस्थावार वर्षाचं पुश केलं तर जवळजवळ सव्वादोन लाख नोंदी एका डॉक्युमेंटमध्ये कोंबायला जाल आणि क्वेरी पडेल.

ग्रुपमधून बाहेर पडणाऱ्या ओळींना क्रम नसतो, म्हणून शेवटी सॉर्ट. नावाने क्रम हवा असेल तर मराठीचं कोलेशन (वर्णक्रमाचे नियम) उपलब्ध आहे. मात्र संस्थेत यादी सभासद क्रमांकाने लागते, आणि क्रमांक मजकूर म्हणून ठेवला असेल तर १० हा २ च्या आधी येईल. क्रमांक आकडाच ठेवा.

बिल्डर आणि लिंक

इथं भाषेवर सगळं आहे, एकच उत्तर नाही.

सी शार्पमध्ये लिंक घ्या. ग्रुपबाय लिहून आत लिटर गुणिले फॅटची सम घेतली की ड्रायव्हर त्याचा नीट ग्रुप टप्पा करतो. फील्डचं नाव चुकलं तर कोड कंपाइलच होत नाही, आणि लिंकला झेपणार नाही असं काही लिहिलं तर चालवताना एक्सेप्शन येतं. लिंकचं नवं इंजिन २.१९ पासून मुळातलं झालं आहे, त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर आधी आवृत्ती वाढवा. एकच जपायचं: ग्रुपबायच्या आधी कुणी टू-लिस्ट किंवा ॲज-इन्युमरेबल लिहिलं तर कोड तसाच सुंदर दिसतो आणि प्रत्यक्षात तो लूप झालेला असतो.

जावात स्प्रिंग डेटा बहुतेकांकडे असतो. साध्या बेरजेसाठी त्याची साखळी छान वाचता येते. लिटर गुणिले फॅट आलं की कंसांत कंस सुरू होतात आणि चार ओळींच्या पाइपलाइनची वीस ओळींची साखळी होते. ती कंपासमध्ये चिकटवता येत नाही. आणि एक छुपी खोच आहे. दोन फील्डांवर गट पाडला, उत्पादक आणि प्रकार, तर निकालाच्या क्लासमध्ये दोन्ही नावं व्यवस्थित भरली जातात. संस्थेने गाय बंद करून फक्त म्हैस ठेवली आणि तुम्ही प्रकार काढून टाकलात, की एकाच फील्डची किल्ली थेट अंडरस्कोर-आयडीत (डॉक्युमेंटची ओळख असलेलं फील्ड) येते आणि निकालातलं उत्पादकाचं नाव नल होतं. बेरीज बरोबर, मालक गायब. मला विचाराल तर जावात गुंतागुंतीच्या बिलासाठी रिपॉझिटरीच्या मेथडवर ॲग्रिगेशनचं ॲनोटेशन लावून आत कच्ची पाइपलाइन लिहावी. किंवा ड्रायव्हरचेच ॲग्रिगेट्स आणि ॲक्युम्युलेटर्स हे हलके मदतनीस घ्यावेत. ते फक्त डॉक्युमेंट बांधून देतात, मध्ये जादू करत नाहीत.

नोडमध्ये मोंगूस ही लायब्ररी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट पाटीवर लिहून ठेवावी. फाइंडमध्ये मोंगूस तुमच्या स्कीमाप्रमाणे मजकुराचा ऑब्जेक्ट-आयडी करून देतो, ॲग्रिगेटमध्ये करत नाही. यूआरएलमधून आलेला संस्थेचा आयडी तसाच मॅचमध्ये टाकला तर निकाल रिकामा येतो. नवीन मुलं यावर अर्धा दिवस घालवतात आणि शेवटी ‘डेटाच नाही’ म्हणून संस्थेला फोन करतात. नोडमध्येच दुसरा धोका: ब्राउझरकडून आलेला ऑब्जेक्ट थेट मॅचमध्ये ठेवू नका. संस्थेच्या क्रमांकाच्या जागी ‘नॉट इक्वल नल’ असा ऑपरेटर पाठवून कुणीही सगळ्या संस्थांचं दूध बघू शकतो. आधी आकडा किंवा आयडी करून घ्या, मग मॅच.

गो वापरत असाल तर क्रम महत्त्वाचा असलेल्या टप्प्यांत, विशेषतः दोन फील्डांच्या सॉर्टमध्ये, बीसन पॅकेजमधला डी (क्रम राखणारी यादी) वापरा, एम नको. एम म्हणजे मॅप, आणि गोच्या मॅपला क्रम नसतो. एकदा सभासद क्रमांकाने लागलेली यादी पुढच्या वेळी प्रकाराने लागेल, आणि तुमच्या मशीनवर ते दिसेलच असं नाही.

पायथॉनला वेगळ्या बिल्डरची गरजच मला वाटत नाही. डिक्शनरी हीच पाइपलाइन.

आधीच करून ठेवलेली बेरीज

इथं दोन पोटवाटा आहेत. दोन्ही एकाच नावाने ओळखल्या जातात, म्हणून घोटाळा होतो.

पहिली: दूध आलं की त्याच क्षणी उत्पादकाच्या चालू बिलाच्या डॉक्युमेंटमध्ये इन्क्रिमेंट. वाचन अतिशय वेगवान, उत्पादकाला मोबाइलवर चालू बेरीज लगेच. पण दूध संस्थेत दुरुस्त्या असतात. संध्याकाळी सचिव वही काढून बसतात आणि सकाळची फॅट ६.८ ची ६.३ करतात. मग जुनं वजा, नवं अधिक, आणि मूळ नोंद व बेरीज एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. ट्रान्झॅक्शन ४.० पासून आहेत, रिप्लिका सेट (एकाच डेटाच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांचा गट) लागतो. एकदा एका दुरुस्तीत वजा करायचं राहिलं की बेरीज कायमची सरकते, आणि नंतर कुठून सरकली ते सांगणारं काहीच उरत नाही. गप्प बसण्यात हिचा नंबर पहिला.

दुसरी: ठरलेल्या वेळी, रात्री किंवा सत्र संपल्यावर, वरचीच पाइपलाइन चालवून शेवटच्या मर्ज टप्प्याने निकाल सारांशाच्या कलेक्शनमध्ये लिहिणं. मर्ज ४.२ पासून आहे. बेरीज दर वेळी मूळ नोंदींवरून नव्याने होते, त्यामुळे दुरुस्त्या आपोआप धरल्या जातात. गटाची किल्ली हीच सारांशाची अंडरस्कोर-आयडी होत असल्याने जुनी ओळ बदलते, दुसरी तयार होत नाही. मात्र किल्लीत बिलाचा काळ असलाच पाहिजे, नाहीतर या दहा दिवसांची बेरीज मागच्या दहा दिवसांवर चढेल. आणि मर्ज पुसत नाही, हे विसरू नका. एखाद्याच्या नावावर चुकून एकच नोंद पडली, रात्री सारांशात गेली, सकाळी मूळ नोंद काढून टाकली, तर त्याचा गटच तयार होत नाही आणि सारांशातली जुनी ओळ तशीच राहते. फुकटचं बिल! आउट टप्पा अख्खं कलेक्शन बदलतो, पण मग सगळ्या संस्थांचं सगळं नव्याने काढावं लागतं. मधला मार्ग म्हणजे आधी त्या संस्थेच्या त्या काळातल्या सारांश-ओळी काढायच्या आणि मग मर्ज, दोन्ही रात्री, वापर नसताना.

बिल बंद झाल्यावर मात्र यापैकी काहीच नको. बंद झालेलं बिल ही क्वेरी राहत नाही, तो कागद असतो. पाइपलाइन एकदा चालवा, निकाल बिलांच्या कलेक्शनमध्ये बिल क्रमांकासह लिहा, आणि त्यानंतर पावती, बँकेची यादी, वर्षाचं स्टेटमेंट, सगळं त्याच ओळींवरून काढा. नंतरची दुरुस्ती पुढच्या बिलात फरक म्हणून दाखवा. संस्थेचे ऑडिटरही हेच मागतात.

पैशांबद्दल एक. रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा. डेसिमल १२८ ही ३.४ पासून आहे, तीही चालेल, डबल (दशांश अंदाजे ठेवणारा प्रकार) नको. आणि रुपयाला पूर्ण करायचं असेल तर ते एकाच ठिकाणी करा. मोंगोडीबीचा राउंड बरोबर अर्ध्यावर आलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतो: ३४८.५० चे ३४८ होतात. जावास्क्रिप्टचा मॅथ-राउंड त्याचेच ३४९ करतो. पडद्यावर पाइपलाइन आणि पीडीएफमध्ये लूप असं केलंत तर एक रुपयाचा फरक घेऊन उत्पादक दारात उभा राहील, आणि दोन्ही कोड आपापल्या परीने बरोबर असतील.

मोंगोडीबी सोडून

खेड्यातल्या संकलन केंद्रात नेट जातं-येतं. नोंदी आधी तिथल्या मशीनवर आणि नंतर सिंक, असं असेल तर काउचडीबी या दुसऱ्या डेटाबेसकडे बघण्यासारखं आहे. तिथं पाइपलाइन नाही, व्ह्यू असतो: मॅपमधून (संस्था, उत्पादक, दिवस) अशी किल्ली बाहेर टाकायची आणि तयार सम लावायचा. ग्रुप-लेव्हल २ म्हटलं की उत्पादकवार, १ म्हटलं की संस्थावार बेरीज, तीही बदललेल्या नोंदींपुरतीच नव्याने मोजलेली. सम आकड्यांची यादीही घेतो, त्यामुळे (लिटर, लिटर × फॅट) एकत्र जातात. मजकूर आला तर सम एरर देतो, जे मला फार आवडतं. पण गट पाडायची दिशा व्ह्यू लिहितानाच ठरते. उद्या अध्यक्षांनी ‘गावातल्या गल्लीवार काढा’ म्हटलं तर नवा व्ह्यू.

आणि सरळ सांगायचं तर, ज्या कामात सगळे रिपोर्ट गटवारीचे आहेत आणि नोंदीचा साचा रोज तोच आहे, तिथं पोस्टग्रेस (टेबलांचा, एसक्यूएलचा डेटाबेस) का नको हा प्रश्न आधी विचारावा. दुधाची नोंद साचेबंद असते. न्यूमेरिक कॉलममध्ये भलताच मजकूर शिरतच नाही, नाव चुकलं तर क्वेरी चालत नाही, आणि ९.५ पासून असलेल्या रोलअपने उत्पादक, संस्था, तालुका अशा तिन्ही पातळ्यांच्या बेरजा एका क्वेरीत येतात. पाइपलाइनमध्ये त्यासाठी फॅसेट किंवा दोन-तीन वेगळ्या चकरा लागतात. ॲनालायझर कंपनीगणिक वेगळं काहीतरी पाठवतो, ते जेसनबीच्या (सैल साच्याचा डेटा ठेवणाऱ्या प्रकाराच्या) एका कॉलममध्ये पडून राहू दे. काम नवं असेल तर मी हेच सुचवेन. चालू असलेलं मोंगोडीबी मात्र केवळ ग्रुपिंगसाठी उखडू नका. स्कीमा व्हॅलिडेशन, दिवसाचा वेगळा फील्ड आणि बिल गोठवणं एवढं केलंत तर ते संस्थेला पुरतं.